वाटेवरचा घायाळ जीव

रत्नागिरीहून दक्षिणेस जाणारा सागरी रस्ता पावस मागें टाकून पूर्णगडाच्या दिशेनें निघाला, कीं त्याचें रूप पालटतें. एका अंगास जांभ्या दगडाचा उघडा सडा, दुसऱ्या अंगास आंबा-काजूच्या बागा, मधूनच एखाद्या वाडीचा गडगा, आणि मग खाडीकडे उतरत जाणारीं वळणें. सह्याद्रींत माचाळच्या परिसरांत उगम पावणारी मुचकुंदी नदी येथें समुद्रास मिळते. तिच्या मुखाशीं, उत्तर तीरावरील टेकडीवर, पूर्णगडाचा आटोपशीर किल्ला उभा आहे. आणि खाडीवरील पुलावरून रस्ता पलीकडे गावखडीस जातो. दिवसा ह्या वाटेनें जाणाऱ्याचे डोळे समुद्रावर खिळतात. रात्रीं मात्र मोटारीच्या दिव्यांत दिसतो तेवढाच रस्ता, आणि त्या रस्त्यावर माणसाखेरीज दुसऱ्या कोणाचाहि कांहीं हक्क असेल, ही जाणीव फार थोड्यांना असते.

भाद्रपदांतील एका संध्याकाळची कल्पना करावी. गणपतीसाठीं मुंबईहून चाकरमान्यांच्या मोटारी गांवाकडे येत आहेत. पावसाची झिमझिम चालू आहे. भोंवतालचें गवत ओलें, गोठ्यांतली जमीन ओली. कोरडी व उबदार अशी जागा एकच, ती म्हणजे डांबरी रस्ता. म्हणून गुरें रस्त्यावर येऊन बसतात. त्यांतली एक पाडी वळणावर आडवी पडली आहे. कोणत्या वाहनानें तिला धक्का दिला तें कळण्यास मार्ग नाहीं. तें केव्हांच निघून गेलें. तिची मागची मांडी फाटली आहे, रक्त वाहत आहे, आणि डोकें उचलण्याचा तिचा प्रयत्न व्यर्थ जात आहे.

पहिली मोटार येते, वेग कमी करते. कांचेंतून चार डोळे पाहतात, 'अरेरे' असा उद्गार निघतो, आणि मोटार पुढें जाते. दुसरी मोटार थांबते. तींतून यजमान उतरतात आणि पाडीचे मागचे पाय धरून तिला रस्त्याच्या बाहेर ओढूं लागतात. गृहिणी बाटलींतलें पाणी तिच्या तोंडांत ओततात. आजोबा फराळाच्या डब्यांतून हळद काढून जखमेवर दाबतात. शाळकरी मुलगा विजेरीचा झोत तिच्या डोळ्यांवर धरून उभा राहतो. चौघांच्याहि मनांत दया आहे, आणि चौघांच्याहि हातून त्या पाडीचें मरण थोडें थोडें जवळ येत आहे.

पहिल्या मोटारींतील मंडळींना मदत करण्याची इच्छा नव्हती. दुसऱ्या मोटारींतील मंडळींना इच्छा होती, पण मदत कशी करावी हें ठाऊक नव्हतें. माणसांच्या न्यायालयांत ह्या दोघांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. वळणावर पडलेल्या पाडीच्या दृष्टीनें तें अंतर फारच थोडें आहे. वाटेवर घायाळ जीव दिसला असतां काय करावें, ह्या प्रश्नाचा खरा गाभा येथें आहे.

महाराष्ट्रास भूतदयेची शिकवण नवी नाहीं. काशीची गंगा कावडींत भरून रामेश्वरास नेणाऱ्या एकनाथांनीं वाटेंत तहानेनें तडफडणारें गाढव पाहिलें आणि तें पाणी त्याच्या मुखांत घातलें, ही कथा घराघरांतून मुलांना सांगितली जाते. तिचें तात्पर्य भूतदया हें खरेंच. परंतु त्या कथेंत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. त्या जीवाला काय हवें आहे, हें नाथांनीं आधीं पाहिलें. गाढव तहानलेलें होतें, म्हणून त्याला पाणी दिलें. तेंच गाढव पाय मोडून बेशुद्ध पडलें असतें, तर तेंच गंगोदक त्याच्या फुप्फुसांत शिरून त्याचा श्वास कोंडतें. नाथांचें पाणी तेवढें लोकांच्या ध्यानांत राहिलें. नाथांचें पाहणें राहून गेलें. दया डोळ्यांत आधीं आली पाहिजे आणि हातांत मागून, एवढाच ह्या विषयाचा सारांश आहे.

तेव्हां त्या वळणावर पुन्हां जावें, आणि त्याच चौघांना चार योग्य कामें वांटून द्यावींत.

यजमानांचें काम रस्ता सांभाळण्याचें. अंधारांत, वळणावर, ओल्या रस्त्यावर जनावराभोंवतीं जमलेलीं माणसें स्वतःच अपघाताचें भक्ष्य होऊं शकतात. मोटार रस्त्याच्या कडेस, दुरून दिसेल अशा जागीं उभी करावी, तिचे इशाऱ्याचे दिवे चालू ठेवावेत, आणि एकानें वळणाच्या अलीकडे उभें राहून येणाऱ्या वाहनांना सावध करावें. जनावरास पाय धरून ओढणें ही मदत होत नाहीं. कंबरेचें किंवा पाठीच्या कण्याचें हाड मोडलेलें असेल, तर त्या ओढण्यानें मज्जारज्जूस इजा होते आणि बरी होऊं शकणारी पाडी जन्माची पांगळी होते. हलविणें अवश्यच असेल, तर पांच-सहा माणसांनीं तिला फळीवर, दारावर किंवा जाड ताडपत्रीवर सरकवून सबंध अंगानें एकदम उचलावें.

मुलाचें काम उजेडाचें व निरोपाचें. विजेरी जखमेवर आणि जमिनीवर धरावी, डोळ्यांवर नव्हे. प्रकाशानें दिपलेलें जनावर अधिकच भेदरतें, आणि भेदरलेलें जनावर उठण्याची धडपड करून आपली मोड वाढवून घेतें. दुसऱ्या हातानें त्यानें दूरध्वनि लावावा. गाय, बैल, म्हैस, शेळी अशा पाळीव जनावरांसाठीं शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा निःशुल्क क्रमांक १९६२ हा आहे. रानटी प्राण्यांसाठीं महाराष्ट्राच्या वन विभागाचा क्रमांक १९२६ हा आहे. हे दोन आंकडे लक्षांत ठेवण्यास कठीण नाहींत. पथक रात्रीं लगेच मिळेल असें गृहीत धरूं नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा शोधहि त्याच वेळीं करावा. सांगतांना 'कोंकणांत एक गाय पडली आहे' असें न सांगतां, कोणता रस्ता, कोणत्या दोन गांवांच्या मध्यें, मैलाच्या दगडावर कोणता आंकडा, जनावर कोणतें, तें श्वास कसा घेतें, रक्त कोठून वाहतें, हें क्रमानें सांगावें. पाडीच्या कानांत पिंवळा बिल्ला असेल, तर त्यावरील बारा आंकडीहि सांगावेत; तेवढ्यावरून तिच्या मालकाचा पत्ता लागूं शकतो.

आजोबांचें काम सर्वांत महत्त्वाचें. ते ह्या मुलुखांतले आहेत. हांक कोणाला मारावी हें त्यांना कळतें. रस्त्यावरील गुराला बहुधा कोणी तरी मालक असतो, आणि तो अर्ध्या मैलाच्या आंत कोठें तरी राहतो. गडग्यापलीकडच्या घरीं जाऊन, 'रस्त्यावर पाडी पडली आहे, ती कोणाची?' असा प्रश्न केला, कीं कंदील, फळी, गोणपाट आणि चार दणकट माणसें ह्या सर्वांची सोय एकाच वेळीं होते. पुष्कळ शहरी प्रवासी ह्या हांकेलाच भितात. 'धक्का तुम्हींच दिलात' असें कोणी म्हणेल, ही ती भीति. ती अगदींच निराधार नाहीं. परंतु जो थांबला, ज्यानें दूरध्वनि केला आणि जो वैद्य येईपर्यंत उभा राहिला, त्याच्या बाजूनें त्याचें वर्तनच साक्ष देतें. पळून जाणाऱ्यापाशीं तीहि साक्ष नसते.

आतां गृहिणींचें काम. वाहतें रक्त थांबविणें हें पहिलें. स्वच्छ पंचा किंवा साडीचा पदर घडी करून जखमेवर ठेवावा आणि तळहातानें दहा मिनिटें एकसारखा दाब द्यावा. मधून मधून उचलून 'थांबलें का' हें पाहूं नये, कारण त्यानें धरलेली गुठळी निघते. कापड भिजलें तर त्यावरच दुसरें ठेवावें. जखमेंत कांच, खिळा किंवा लोखंडी सळई रुतली असेल, तर ती उपटूं नये. रक्ताचा बांध तिनेंच धरलेला असतो. मोडलेलें हाड जागच्या जागीं बसविण्याच्या खटपटींत पडूं नये. हळद, चुना, राख, रॉकेल, फिनेल ह्यांपैकीं कांहींहि उघड्या जखमेंत घालूं नये. स्वयंपाकघरांतली हळद कितीहि गुणकारी असली, तरी खोल जखमेंत ती घाणीचा थर होऊन बसते. आणि फिनेलनें अळ्यांबरोबर जिवंत मांसहि जळतें. पाणी व अन्न शुद्धीवर नसलेल्या जनावराच्या तोंडांत मुळींच घालूं नये. तें शुद्धीवर असलें, तरी वैद्याच्या परवानगीवांचून घालूं नये. कारण शस्त्रक्रियेसाठीं भूल द्यावयाची झाली तर पोट भरलेलें असणें धोक्याचें.

गाई-म्हशींच्या बाबतींत आणखी एक गोष्ट गोठ्यांतल्या जुन्या माणसांना ठाऊक असते आणि शहरांतल्या सुशिक्षितांना ठाऊक नसते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटांत चारा सारखा आंबत असतो, त्यांतून वायु निघतो, आणि तो ढेंकरेवाटे बाहेर पडतो. जनावर कुशीवर सपाट पडून राहिलें, कीं ढेंकर येईनाशी होते. पोट नगाऱ्यासारखें फुगतें, त्याचा दाब फुप्फुसांवर पडतो, आणि जखमेनें न मेलेलें जनावर गुदमरून मरतें. म्हणून मानेस किंवा पाठीस मार बसल्याचें चिन्ह नसेल, तर तिला हळूंच छातीवर बसतें करावें, आणि दोन्ही बाजूंस पेंढ्याचीं गोणपाटें लावून आधार द्यावा. वैद्य येण्यास दोन तास लागणार असले, तर ह्या दोन गोणपाटांवर त्या पाडीचा प्राण अवलंबून असूं शकतो.

कुत्रें व मांजर ह्यांची गोष्ट निराळी. ज्याला कधीं कोणी हात लावला नाहीं असें भटकें कुत्रें वेदनेंत हात लावणाऱ्यास चावणारच. त्यांत कृतघ्नपणा नाहीं. माराच्या आणि मदतीच्या हातांतला भेद तें जाणत नाहीं. समोरून वांकून त्याच्या डोळ्यांत पाहूं नये. बाजूनें, हळूं बोलत, जाड चादर त्याच्यावर टाकून तींतच गुंडाळून उचलावें. चावण्याचा संभव दिसला तर मऊ पट्टीनें त्याचा जबडा सैलसा बांधावा. पण तें ओकत असेल किंवा त्याला धाप लागली असेल, तर बांधूं नये. मांजरास पुठ्ठ्याच्या खोक्यांत, भोंकें पाडून, अंधारांत ठेवणें हाच मोठा उपचार. माणसाच्या घरांतल्या वेदनाशामक गोळ्या कोणासहि देऊं नयेत. तापावर घराघरांत घेतली जाणारी पॅरासिटामॉलची एक गोळीहि मांजराचा प्राण घेऊं शकते. तें औषध पचवून निरुपद्रवी करण्याची शक्ति त्याच्या यकृतांत फारच थोडी असते.

घायाळ जनावर उचलणाऱ्यानें जें एक भय सदैव बाळगलें पाहिजे, तें अलर्काचें, म्हणजे रेबीजचें होय. ह्या रोगाचें विष लाळेंत असतें. तें चाव्यानें, नखांच्या ओरखड्यानें, अथवा उघड्या जखमेस लाळ लागल्यानें शरीरांत शिरतें. पिसाळलेलें जनावर नेहमीं धांवूनच अंगावर येतें असें नाहीं. रोगाच्या एका प्रकारांत तें निपचित पडतें, त्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते. आणि रस्त्याच्या कडेस असें कुत्रें किंवा कोल्हा दिसला, तर पाहणाऱ्यास वाटतें कीं त्याला वाहनाचा धक्का लागला. गाईलाहि हा रोग होतो. तिच्या घशांत कांहीं अडकलें आहे अशा समजुतीनें तोंडांत हात घालणारे पुष्कळ असतात, आणि तोच हात त्यांचा घात करतो. जखम दिसत नाहीं, पण लाळ गळते, मान वांकडी होते, आवाज घोगरा झाला आहे, असें जनावर पाहिलें तर दूर राहावें आणि वैद्यास बोलवावें.

दांत किंवा नख लागलेंच, तर ती जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण घाबरलेल्या माणसाची पंधरा मिनिटें दोन मिनिटांत संपतात. मग त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं, कीं मनुष्य बहुतेक कधींच वांचत नाहीं. परंतु वेळेवर टोंचून घेतलें तर रोग टाळतां येतो. फ्रान्समध्यें लुई पाश्चरनें ६ जुलै १८८५ ह्या दिवशीं जोसेफ माइस्टर ह्या नऊ वर्षांच्या मुलावर ही लस प्रथम वापरली आणि मुलगा वांचला. हिंदुस्थानांत १९०० सालीं कसौली येथें व १९०७ सालीं कुन्नूर येथें पाश्चर-संस्था उघडल्या. पोटांत घेतलेल्या चौदा टोंचण्यांची जुनी आठवण अनेक घरांत अद्याप शिल्लक आहे आणि तिच्या धाकानें लोक दवाखाना टाळतात. तें दिवस गेले. आजची लस चार-पांच वेळां, दंडांत घ्यावयाची असते. जखम खोल असल्यास तिच्याभोंवतीं निराळें प्रतिद्रव्यहि टोंचावें लागतें. दुसऱ्याचा जीव वाचविण्यास निघालेल्यानें स्वतःच्या जिवाविषयीं बेफिकीर राहणें ह्यांत औदार्य नाहीं.

पूर्णगडाच्या रस्त्यावर गुरांखेरीज दुसरेहि पथिक आहेत. रात्रीं कोल्हा येतो, उदमांजर येतें, रस्त्याच्या कडेच्या उंदरांवर टपलेलें घुबड खालीं झेंप घेतें. पहिल्या पावसांत बेडूक व खेंकडे शेंकड्यांनीं वाट ओलांडतात. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतच्या ह्या पट्ट्यांत क्वचित् खवले मांजर दिसतें. त्याची तऱ्हा करुणास्पद आहे. संकट आलें, कीं तें पळत नाहीं. अंगाचें वेटोळें करून, खवल्यांचें चिलखत बाहेर ठेवून, निश्चल पडून राहतें. बिबट्याच्या दांतांपुढें त्याचें हें शहाणपण उपयोगी पडलें. मोटारीच्या चाकापुढें तेंच त्याचा नाश करतें. चेंडूसारखें पडलेलें खवले मांजर मेलेलेंच असेल असें समजूं नये, आणि कुतूहलानें तें उलगडण्याचा प्रयत्नहि करूं नये.

रानटी प्राण्याच्या बाबतींत मदतीचा अर्थच पालटतो. येथें माणसाचा स्पर्श, माणसाचा आवाज, माणसांची गर्दी हीच मोठी इजा असते. भीतीनें हृदय बंद पडून मेलेले प्राणी जखमांनीं मेलेल्यांपेक्षां निराळे दिसत नाहींत. अंतर राखावें, गर्दी हटवावी, आणि वन विभागाचीं माणसें येईपर्यंत पहारा द्यावा. बिबट्या किंवा मोठा अजगर असेल तर पहाराहि दुरूनच, मोटारीच्या आंतून. पक्षी असेल तर त्यावर कापड टाकून, तो खोक्यांत ठेवून, झांकण लावावें. अंधारांत त्याचें काळीज स्थिर होतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें असा प्राणी घरीं बाळगतां येत नाहीं. तो हातीं आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आंत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा अधिकाऱ्यास कळविणें बंधनकारक आहे. कायद्याचा हा धाक दयेच्या विरुद्ध नाहीं. माणसाळलेला कोल्हा पुन्हां रानांत जगूं शकत नाहीं. त्याचे प्राण वांचूनहि त्याचें कोल्हेपण गेलेलें असतें.

कधीं कधीं तर मदत न करणें हीच मदत होय. पुणें व अहिल्यानगर जिल्ह्यांतील उंसाच्या शेतांत बिबट्याचीं पिलें सांपडतात. तीं अनाथ समजून लोक उचलून आणीत. अनुभवानें असें आढळलें, कीं बहुधा आई जवळपासच असते. आतां जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट्या निवारा केंद्राचे वैद्य आणि वन विभागाचे लोक तीं पिलें तपासून संध्याकाळीं त्याच जागीं परत ठेवतात, आणि अंधार पडल्यावर आई येऊन त्यांना घेऊन जाते. घरट्याखालीं उडतां न येणारें, पण टवटवीत दिसणारें पांखराचें पिलूं सांपडलें, तरी हाच न्याय. तें बहुधा घायाळ नसतें, उडावयास शिकत असतें; त्याला जवळच्या फांदीवर ठेवून दूर व्हावें.

पुलापलीकडे गावखडीच्या वाळूंत ऑलिव्ह रिडले जातीचीं समुद्रकांसवें अंडीं घालण्यास येतात. मासेमारीच्या तुटक्या जाळ्यांत पाय अडकून घायाळ झालेलें कांसव किनाऱ्यास लागलें, कीं 'तें पाण्यांतलें आहे, त्याला पाण्यांत सोडावें' असें म्हणून लोक तें समुद्रांत परत लोटतात. परंतु कांसव फुप्फुसांनीं श्वास घेतें. थकलेलें, जखमी कांसव बुडूनहि मरतें. त्याला सांवलींत ठेवून, पाठीवर ओलें फडकें घालून, नाकपुड्या मोकळ्या ठेवून, वन विभागास कळविणें हें खरें साहाय्य. हीहि चूक दयेचीच आहे, आणि पाडीच्या तोंडांत ओतलेल्या पाण्याशीं तिचें सख्खें नातें आहे.

जनावरांसाठीं संस्था उभारण्याची परंपरा ह्या देशांत जुनी आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखांत माणसांची व पशूंची अशा दुहेरी चिकित्सेची व्यवस्था सांगितली आहे. मुंबईंत १८३२ सालीं भटक्या कुत्र्यांच्या कत्तलीवरून पारशी समाजांत क्षोभ उसळला, आणि दोन वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा ह्यांच्या पुढाकारानें तेथील पांजरपोळ स्थापन झाला. प्राण्यांच्या छळास आळा घालणारी मुंबईची मंडळी १८७४ ची. परळचें बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३ चें. आणि त्याच आवारांत १८८६ सालीं मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरूं झालें. स्वतंत्र भारतांत १९६० सालीं प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला, आणि १९७६ सालीं जिवंत प्राण्यांविषयीं करुणा बाळगणें हें राज्यघटनेंतच नागरिकाचें मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलें गेलें.

परंतु परळचें रुग्णालय परळला आहे, आणि पाडी पूर्णगडच्या वळणावर आहे. खेड्यांतला सरकारी पशुवैद्य एकटा असतो, त्याच्याकडे अनेक गांवें असतात, आणि पावसाळ्यांत रस्ते सरळ नसतात. म्हणून पहिला तास कोणत्याहि संस्थेच्या हातीं नसतो. तो ज्याची मोटार थांबली त्याच्या हातीं असतो.

त्या तासाचा शेवट नेहमीं सुखाचाच होईल असें मात्र नाहीं. कण्याचे तुकडे झालेली गाय, पोट फाटलेलें कुत्रें, ह्यांना वैद्यहि वांचवूं शकत नाहीं. अशा वेळीं 'एकदांचें सोडवून टाका' असें म्हणून दगड उचलणारे निघतात. तो अधिकार वाटसरूचा नव्हे. असह्य वेदनेंतून जनावरास मुक्त करण्याची तरतूद १९६० च्या कायद्यांत आहे, परंतु तो निर्णय पशुवैद्याच्या तपासणीवर आणि अधिकाऱ्याच्या आज्ञेवर सोंपविलेला आहे. आणि तें काम औषधानें, वेदनेवांचून होतें. वाटसरूनें तेथें थांबून राहावें, एवढेंच. मरणाऱ्या जनावरास सोबत कळते कीं नाहीं ह्यावर विद्वानांनीं वाद घालावा. त्याच्या अंगावरून दुसरें चाक जाऊं न देणें एवढें तरी माणसाच्या हातचें आहे.

उपचारापेक्षां निवारण श्रेयस्कर, हा वैद्यकाचा नियम येथेंहि लागूं पडतो. वस्तीजवळच्या वळणांवर वेग आवरावा. रस्त्यावर गुरें बसलेलीं दिसलीं, तर भोंगा वाजवून त्यांना बिथरविण्याऐवजीं थांबून उतरवावीं. मालकांनीं गुरांच्या गळ्यांत किंवा शिंगांवर दिव्यांत चमकणाऱ्या पट्ट्या बांधल्या, तर पुष्कळ अपघात टळतील. खिडकींतून उष्टें अन्न फेंकूं नये. त्या अन्नावर कुत्रीं व माकडें रस्त्यावर येतात. आणि चिरडलेलें जनावर रस्त्यावर पडलेलें दिसलें, तर सुरक्षित असल्यास, उघड्या हातानें न शिवतां, तें काठीनें कडेला सारावें. तें खाण्यासाठीं कोल्हा, घार किंवा कुत्रें येतें, आणि दुसऱ्या चाकाखालीं सांपडतें. एका मरणामागून दुसरें मरण असें ओढलें जातें.

आतां त्या वळणावर शेवटचें पाहावें. मोटारीचे दिवे लुकलुकत आहेत. यजमान छत्री घेऊन वळणाच्या तोंडाशीं उभे आहेत. आजोबांच्या हांकेनें वाडींतून कंदील आले आहेत, आणि पाडीचा मालक तिच्या गळ्याशीं बसून तिच्या नांवानें तिला पुकारीत आहे. दोन्ही कुशींस पेंढ्याचीं गोणपाटें आहेत. गृहिणींच्या तळहाताखालीं तिसरी घडी भिजत आली आहे, पण आतां रक्ताचा ओघ मंदावला आहे. मुलानें तिसऱ्यांदा दूरध्वनि लावला आहे आणि पलीकडून पशुवैद्य निघाल्याचें कळलें आहे. ती वांचेल कीं नाहीं हें पशुवैद्य पाहतील. तिचा श्वास चालू आहे, पोट फुगलेलें नाहीं, आणि तिनें नुकताच एक मोठा ढेंकर दिला आहे. मालकाच्या चेहऱ्यावर त्या ढेंकरेनें जें समाधान उमटलें, त्याचा अर्थ त्या मुंबईच्या मुलाला आधीं कळला नाहीं. आजोबांनीं तो समजावून सांगितला, तेव्हां तोहि हंसला.